लग्नानंतर तुमच्या दिव्यांग सवलतींचं काय झालं? (अनुभव धागा)

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलंय. जन्मतःच पायात दोष, 60 टक्के अस्थिव्यंग. मुलगा समजूतदार आहे, कारखान्यात फिटर आहे, घरात सगळे आनंदात आहेत. परवा रात्री दिवे मालवल्यावर ती हळूच म्हणाली, "ताई, माझा पगार बंद होईल का गं?"

पगार म्हणजे संजय गांधी निराधार योजनेचे पैसे. तिला सुरुवातीला महिना 600 मिळायचे, मग 1000, मग 1500 आणि ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांगांना 2500. तिच्या स्वतःच्या नावावर येणारी ही एकच रक्कम. मला उत्तर देता आलं नाही. कार्यालयात विचारलं तर दोन टेबलांवर दोन उत्तरं मिळाली. म्हणून हा धागा काढतेय. लग्नानंतर काय बंद झालं, काय चालू राहिलं, काय नव्याने मिळालं, ते कृपया लिहा. पुरुषांनीही लिहा. ऐकीव नको, स्वतःचं किंवा घरातलं हवं.

पिंपळपान

माझा पगार बंद झाला. डावा पाय, 55 टक्के. माहेरी वडील शेतमजूर, त्यामुळे उत्पन्नाच्या दाखल्याची कधी अडचण आली नाही. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 50,000 रुपये आहे. लग्न झालं आणि कुटुंब म्हणजे नवरा झाला. त्यांचा पगार महिना बारा हजार, वर्षाचे 1,44,000. तलाठ्यांनी दाखला दिला तो खराच दिला, त्यांना मी दोष देणार नाही. पण 50,000 म्हणजे महिन्याला चार हजार आणि थोडे वर. घरात एक जरी माणूस रोज कामाला जात असेल तरी ही रेघ ओलांडली जाते.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी निराधार होते, दुसऱ्या दिवशी नव्हते. पाय तोच होता आणि पायाला आधार देणारं कॅलिपरही तेच. सासूबाई म्हणाल्या, कळवूच नको, माहेरच्या पत्त्यावर चालू राहू दे. मी नाही म्हटलं. हयातीचा दाखला द्यायला दरवर्षी जावंच लागतं, तिथे खोटं बोलायची माझी तयारी नव्हती.

नवरा चांगला आहे, हे मनापासून लिहितेय. तरीही कॅलिपरचा पट्टा तुटला तेव्हा पहिल्यांदा त्यांच्याकडे पैसे मागितले, आणि मागताना तीनदा कारण सांगितलं. त्यांनी विचारलं नव्हतं, मीच सांगत सुटले. त्या दिवशी रडले. त्या सहाशे रुपयांत मला कुणालाच काही सांगावं लागत नव्हतं. बहिणीला हे आधी सांगा.

दोन काठ्या

आम्ही दोघंही पूर्ण दृष्टिहीन. 2015 मध्ये लग्न केलं. तेव्हा एकट्या लाभार्थ्याला 600 होते, पण एका घरात एकापेक्षा जास्त लाभार्थी असले तर सगळ्यांचे मिळून 900. म्हणजे लग्नाआधी आमचे 1200 येत होते, एका छताखाली आल्यावर 900 झाले. आमच्या वेतकामाचं उत्पन्न इतकं कमी की मर्यादेचा प्रश्नच आला नाही.

दिव्यांग विवाहाला 50,000 मिळतात असं कळलं म्हणून चौकशीला गेलो. ती योजना दिव्यांग आणि अव्यंग अशा जोडप्यासाठी होती, दोघंही दिव्यांग असतील तर तेव्हा नव्हती. खुर्ची विणून पोट भरणाऱ्या दोन आंधळ्या माणसांना मदत कमी लागते, असं कुणाला वाटलं असेल? आजही मला याचं उत्तर सापडलेलं नाही.

उंबरठा

मी 70 टक्के अस्थिव्यंग, बायको अव्यंग. 2017 मध्ये आम्हाला ते 50,000 मिळाले: 25,000 चं बचत प्रमाणपत्र, 20,000 रोख, 4,500 संसाराच्या वस्तूंसाठी आणि 500 समारंभासाठी. अर्ज तेव्हा जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात केला होता. लग्नाला वर्ष व्हायच्या आत करा आणि नोंदणीचा दाखला आधी काढून ठेवा. बायकोच्या नातेवाइकांनी "पैशासाठी केलं" म्हणून तिला फार बोलून घेतलं. त्यातली रोख रक्कम आम्ही तिच्या शिलाई मशीनला लावली, ते मशीन अजून चालतंय.

सीमेपलीकडून

माझं माहेर कर्नाटकात. तिथली पेन्शन सासरी आल्यावर थांबली. इथे अर्ज केला तर महाराष्ट्रात 15 वर्षांचं वास्तव्य हवं. सहा वर्षं झालीत, अजून नऊ.

आईची वही

माझ्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे. तिचे बाबा केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाले. ते आणि मी गेल्यावर तिला आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळेल, हाच आमच्या म्हातारपणाचा आधार. तिला स्थळ आलं तेव्हा ओळखीच्या चार जणांनी सांगितलं, लग्न लावाल तर पेन्शन जाईल. त्या भीतीने आम्ही वर्षभर मुलाकडच्यांना उत्तरच दिलं नाही. पोरगी आमच्याकडे बघत राहायची आणि आम्ही मान खाली घालायचो.

शेवटी ह्यांच्या जुन्या कार्यालयातल्या एकांनी कागद काढून दाखवला. पूर्वी लग्नाने हक्क जायचा हे खरं, पण 24 सप्टेंबर 2012 पासून दिव्यांग अपत्याला लग्नानंतरही तो राहतो. अट उत्पन्नाची आहे. 2021 पासून ती अशी: अपत्याचं इतर उत्पन्न हे मिळू शकणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनापेक्षा, म्हणजे शेवटच्या पगाराचे 30 टक्के आणि त्यावरचा महागाई भत्ता, यापेक्षा कमी हवं. हे केंद्राचं झालं. राज्य सरकारी असाल तर आपल्या खात्याचा नियम लेखी मागून घ्या. आणि आईवडील हयात असतानाच पीपीओत, म्हणजे निवृत्तिवेतनाच्या आदेशात, दिव्यांग अपत्याचं नाव घालून घ्या. आम्ही घातलं. लग्नही झालं.

तेच आडनाव

माझी अडचण नावाची. दिव्यांग प्रमाणपत्र आणि युडीआयडी (दिव्यांगांचं ओळखपत्र) माहेरच्या नावाने, आधार सासरच्या. पगार सात महिने अडकला. विवाह प्रमाणपत्र जोडून युडीआयडीवरचं नाव बदललं, मग बँकेतलं, तेव्हा सुटला. एसटीची 75 टक्के सवलत मात्र चालू राहिली. नाव बदलायची कायद्याने सक्ती नाही. मला हे लग्नाआधी कुणी सांगितलं असतं तर बदललंच नसतं.

रविवारची हजेरी

नवऱ्याचा पगार करपात्र असेल आणि त्यांनी जुनी करप्रणाली घेतली असेल तर अवलंबून असलेल्या दिव्यांग पत्नीसाठी आयकरात 75,000 ची वजावट मिळते, 80 टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर 1,25,000. आमच्याकडे घेतात. वाचलेला कर मी माझ्या खात्यात मागून घेतला, भांडून.

आणि ग्रामपंचायतीच्या 5 टक्के दिव्यांग निधीसाठी सासरच्या गावच्या यादीत नाव लगेच घाला. माहेरच्या यादीतून ते आपोआप इकडे येत नाही, माझी दोन वर्षं त्यात गेली.

(धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार. काल रात्री बहिणीला हे सगळं वाचून दाखवलं. पिंपळपानताई, तुमचा अनुभव तिने दोनदा वाचायला लावला. नाव बदलायचं नाही, एवढं तिचं पक्कं झालंय. लग्नाची नोंदणी आणि विवाह प्रोत्साहनाचा अर्ज मी स्वतः सोबत जाऊन करणार.

रविवारी होणारे जावई येणार आहेत. 2500 बंद झाले तर महिन्याला तिच्या खात्यात किती टाकाल, हे त्यांना विचारायचं ठरलंय. मी म्हटलं, मी विचारते. ती म्हणाली, "नको ताई, मीच विचारते."

नवऱ्याच्या पश्चात किंवा घटस्फोटानंतर पगार पुन्हा सुरू करून घेतलेल्या कुणी असतील तर त्यांनीही लिहा.