फियाट पद्मिनीची पेट्रोल टाकी आतून गंजली आहे: साफ करायची, कोटिंग करायचं की नवी बनवून घ्यायची?

कोकणफियाट

गाडी प्रीमियर पद्मिनी, 1089 सीसी पेट्रोल. कोकणातल्या शेडमध्ये काही वर्षं बंद उभी होती. इंजिन मोकळं आहे, कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला सारखं आहे. नवं पेट्रोल घालून चालू केली की दहा मिनिटांत मधल्या पारदर्शक फिल्टरमध्ये तपकिरी गाळ साचतो आणि गाडी गचके खाऊन बंद पडते. फिल्टर बदलला की पुन्हा तेच.

टाकी उतरवली आहे. टॉर्च मारून पाहिलं तर तळाला चिकट काळपट थर, आणि वरच्या अर्ध्या भागात जाड पापुद्र्याचा गंज. बाहेरून खालच्या जोडाजवळ एक ओलसर डाग दिसतो. गावातला रेडिएटरवाला म्हणतो, "मीठतेजाब (हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड) टाकून देतो, तासाभरात चकचकीत." एकाने कोटिंगचं किट सुचवलंय. नक्की काय करावं?

पान्हापक्कड

मीठतेजाब नको. गंज जातो हे खरं, पण त्याच्याबरोबर पत्राही खाल्ला जातो, आणि आधीच पातळ झालेल्या जागी भोकं पडतात. शिवाय जोडाच्या घडीत क्लोराइड अडकून राहतं. कितीही पाण्याने धुतलंत तरी दोन दिवसांत तिथून पिवळा गंज पुन्हा फुलतो.

तुमच्या टाकीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तळाचा चिकट थर म्हणजे शिळ्या पेट्रोलचा डिंक, त्याच्यावर अ‍ॅसिड चालत नाही. वरचा पापुद्रा म्हणजे गंज. अर्धी रिकामी टाकी रात्री गार पडली की आतल्या हवेतलं पाणी वरच्या पत्र्यावर धरतं, म्हणून पेट्रोलच्या पातळीच्या वर गंज जास्त. आधी डिंक काढा, मग गंज. उलट क्रमाने केलंत तर डिंकाखालचा गंज तसाच राहतो.

डिंकासाठी दोन लिटर एन.सी. थिनर (रंगवाल्यांचा थिनर) घाला, टाकी चारही बाजूंवर अर्धा-अर्धा तास ठेवा, ओतून काढा. हे उघड्यावर आणि सावलीत, आसपास बिडीसुद्धा नको. मग कडक गरम पाण्यात धुण्याचा सोडा (लिटरला 50 ग्रॅम) आणि थोडा भांड्यांचा साबण घालून दोनदा खळबळवा. पाणी ओतताना टाकीच्या पत्र्यावर ते सलग पसरलं पाहिजे. थेंब-थेंब होऊन ओघळलं तर तेलकटपणा अजून आहे.

पापुद्रे सोडवायला आत साखळी टाका, साधारण एक मीटर, बारीक कड्यांची. काही जण नट-बोल्ट किंवा खडी टाकतात. खडी बॅफलच्या (टाकीतल्या आडव्या पत्र्याच्या) मागे अडकते आणि आयुष्यभर खुळखुळत बसते. साखळी टोकाला तार बांधून ठेवली तर ओढून बाहेर काढता येते. टाकी जुन्या गोधडीत गुंडाळून हलवा, नाहीतर बाहेरून पोचे येतील.

त्यानंतर सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे किराणावाल्याकडचं लिंबूसत्व. लिटरला 80 ग्रॅम. टाकी काठोकाठ भरायची, अर्धी नाही, कारण तुमचा गंज वरच आहे. 35-40 लिटरच्या टाकीला तीन किलोच्या आसपास लागेल. पाणी 50-60 अंशाचं घेतलंत तर काम एका रात्रीत होतं, गार पाण्यात दोन दिवसही जातात. फ्लोटच्या (पेट्रोलची पातळी मोजणाऱ्या तरंगत्या भागाच्या) भोकावर रबर लावून पत्र्याची चकती बसवा, पेट्रोल नळीला बूच मारा, पण वरचं झाकण घट्ट लावू नका, आत गॅस होतो. दर सहा तासांनी बघा. राखाडी, स्वच्छ पत्रा दिसला की थांबा, "आणखी थोडं" म्हणून ठेवू नका.

सोल्डरमास्तर

वरच्या प्रतिसादाला माझं अनुमोदन, पण खरी गडबड अ‍ॅसिड ओतून टाकल्यावर होते. सायट्रिकमधून निघालेला उघडा पत्रा ओला राहिला तर डोळ्यांदेखत नारिंगी होतो. म्हणून पुढची तयारी आधी मांडून ठेवा: अ‍ॅसिड ओतलं, लगेच साधं पाणी, लगेच लिटरला 10 ग्रॅम धुण्याच्या सोड्याचं पाणी, ते ओतून लगेच कॉम्प्रेसरची हवा. हवेतलं पाणी पकडणारा फिल्टर कॉम्प्रेसरला असावा, नाहीतर वाळवता-वाळवता पाणीच फवारलं जाईल.

हेअर ड्रायर चालेल, पण आत थिनर, स्पिरिट किंवा अ‍ॅसिटोन फिरवलं असेल तर अजिबात नाही. त्याच्या आतली तार लालभडक असते. दोन्हीपैकी एकच निवडा.

तो ओलसर डाग म्हणजे बारीक भोक आहे असं धरून चाला. तळाला पाणी बसतं, त्यामुळे खालच्या जोडालाच पत्रा आधी सडतो. गंज काढल्यावर भोक मोठं झालेलं दिसेल. घाबरू नका, ते आधीपासूनच होतं, गंजाने फक्त बुजवून ठेवलं होतं.

तपासायला हवा भरू नका. टाकीच्या भिंती सपाट असतात. 30 बाय 60 सेंटिमीटरच्या भिंतीवर नुसता 2 पीएसआय दाब दिला तरी एकूण जोर अडीचशे किलोच्या घरात जातो, टाकी भाकरीसारखी फुगते आणि जोड उसवतो. त्यापेक्षा टाकी पाण्याने भरा, नळीच्या तोंडाला पारदर्शक पाइप लावून तो टाकीच्या वर वीतभर उभा धरा आणि त्यातही पाणी भरा. बाकीची तोंडं बंद. बाहेरून पत्रा पुसून खडू फासा, जिथे पाझरेल तिथे खडू ओला होतो.

भोकाला वेल्डिंग नको, डाख (सोल्डर) द्या. रिकाम्या टाकीतली पेट्रोलची वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते, आणि धुतल्यावरही जोडाच्या घडीत पेट्रोल दडून राहू शकतं. गरम झालं की ते बाहेर येतं. म्हणून डाखाची जागा वर येईल अशी टाकी ठेवून त्या जागेच्या जेमतेम खालपर्यंत पाणी भरा, झाकण उघडं. ज्योत जवळ आणायची नाही, मोठा तांब्याचा कैया (डाख द्यायचं हत्यार) दूर शेगडीवर तापवून आणायचा. 60/40 कथील-शिशाची कांडी, झिंक क्लोराइडचा फ्लक्स. दोन मिलिमीटरपर्यंतचं भोक नुसत्या डाखाने बुजतं. त्याहून मोठं असेल तर अर्ध्या मिलिमीटर तांब्याच्या पत्र्याचा तुकडा कापा, भोकाच्या चहूबाजूंनी 10-12 मिलिमीटर जास्त, तुकडा आणि टाकी दोन्हींना आधी कलई करून मग चिकटवा. शेवटी फ्लक्स गरम पाण्याने आणि ब्रशने धुऊन काढा, राहिला तर पत्रा पुन्हा खाईल.

कोकणफियाट

दोघांचेही आभार. म्हणजे कोटिंग किटची गरजच नाही का? आणि इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे सोड्याच्या पाण्यातून वीज सोडून गंज काढणं, कसं?

पान्हापक्कड

भोकं एक-दोन असतील आणि पत्रा वाजवल्यावर टणक आवाज देत असेल, तर कोटिंग नको. कोटिंग निघतं ते मालापेक्षा तयारीमुळे: खाली ओल किंवा तेल राहिलं की वर्षभरात पापुद्रे सुटतात आणि ते गंजापेक्षा वाईट, कारण पातळ कागदासारखे येऊन नळीच्या तोंडावर बसतात. चाळणी झालेल्या टाकीलाच कोटिंग, आणि तेही इथेनॉल सोसणारं इपॉक्सी आहे हे डब्यावर स्पष्ट लिहिलेलं असेल तरच. जुन्या प्रकारची सीलर E20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मध्ये मऊ पडून सुटतात. दहा-बारा भोकं निघाली तर सरळ तळाचा पत्रा बदलून घ्या.

इलेक्ट्रोलिसिस चांगलं, पण या टाकीत अवघड. गंज तिथेच निघतो जिथून चार्जरच्या पॉझिटिव्हला जोडून पाण्यात सोडलेली सळई समोर "दिसते". बॅफलमागे पोचत नाही. तरी करायचंच तर साधी लोखंडी सळई घ्या, स्टेनलेस नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. चार्जरचं निगेटिव्ह टाकीला. हायड्रोजन निघतो, म्हणून क्लिप काढण्याआधी चार्जर भिंतीवर बंद करा.

कोटिंग करणार नसाल तर वाळल्याबरोबर 200 मिली टू-स्ट्रोक ऑइल आत फिरवून ठेवा.

जेट_१२०

टाकीचं सगळं झालं. आता टाकी बसवल्यावर ज्या तक्रारी येतात त्या सांगतो.

टाकीला बाहेरून छान रंग मारला की पेट्रोलचा काटा मरतो. फ्लोट युनिटचं अर्थिंग टाकीच्या पत्र्यातून बॉडीला जातं, रंगाने ते तुटतं. मग लोक युनिट बदलत बसतात. टाकी धरणाऱ्या पट्ट्याखालची आणि युनिटच्या स्क्रूखालची जागा खरवडून उघडी ठेवा, नाहीतर युनिटच्या स्क्रूपासून चासीपर्यंत वेगळी वायर टाका.

झाकणाचं हवेचं बारीक भोक बघा. रंगाने किंवा गंजाने बुजलं तर टाकीत निर्वात तयार होतं, गाडी दहा-पंधरा किलोमीटरवर बंद पडते आणि थोडं थांबलं की परत चालू होते. बंद पडल्यावर झाकण उघडताना "सुस्स" आवाज आला तर दोष तिथेच.

रबरी नळ्या सगळ्या बदला, दिसायला बऱ्या असल्या तरी. नळीवर एसएई जे30 आर9 छापलेलं असावं, आर6 पुरत नाही. पंपाचा पडदाही इथेनॉल सोसणारा घ्या. जुना पडदा फाटला तर पेट्रोल थेट चेंबरमधल्या इंजिन ऑइलमध्ये उतरतं: डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला तर इंजिन चालू न करता आधी ऑइल बदला. पडद्याचं किट कुर्ल्याला सीएसटी रोडवर विचारा. 2023 मध्ये मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी संपल्यापासून दुकानदार हा माल पूर्वीसारखा भरून ठेवत नाहीत, त्यामुळे दोन घेऊन ठेवलेली बरी.

कार्ब्युरेटर उघडालच. जेटमध्ये (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्यात) तार घालू नका, भोक मोठं होतं. आणि टाकीसाठी केलेल्या सायट्रिकमध्ये कार्ब्युरेटर बुडवायचा मोह टाळा, बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची असते, काळी पडून खड्डे येतात.

शेवटचं E20 बद्दल. साध्या पेट्रोलला हवा-इंधनाचं प्रमाण 14.7 ला 1, तर E20 ला साधारण 13.5 ला 1. जुन्या सेटिंगवर मिश्रण त्यामुळे सुमारे 8 टक्के पातळ होतं: चढावर ओढ कमी, प्लग पांढरे, इंजिन गरम. सोलेक्स कार्ब्युरेटरच्या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. 120 ऐवजी 125 घातला तर भोकाचं क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढतं. तुमच्या जेटवर काय छापलंय ते आधी बघा, एकच पायरी वर जा, घाटात पूर्ण थ्रॉटलवर चालवून तिथेच इंजिन बंद करा आणि प्लग काढून बघा. फिकट तपकिरी असेल तर पुढे हात लावू नका.

कोकणफियाट

जेटवर 120 नाही, 115 आहे. म्हणजे 120 घालून बघू?

जेट_१२०

हो, तेवढंच. पण आधी टाकी बसवून पहिले पन्नास किलोमीटर 115 वरच काढा आणि फिल्टर स्वच्छ राहतो का बघा. गाळ येत असताना प्लगचा रंग बघण्यात अर्थ नाही, अडकलेल्या जेटनेही प्लग पांढराच दिसतो.