दुकानदाराचे हिशेब कुणाच्या कुलपात? सॉफ्टवेअर विकावं की भाड्यानं द्यावं?

कृष्णाकाठ
गेल्या महिन्यात मिरजेहून एका औषध दुकानदाराचा फोन आला. जीएसटीची नोटीस आली होती, २०२२-२३ ची खरेदीची बिलं दाखवायची होती. बिलं होती, पण बघता येईनात. मार्चमध्ये घरात आजारपण निघालं आणि बिलिंग सॉफ्टवेअरची वर्गणी भरायची राहून गेली. आता प्रोग्रॅम उघडला की एकच चौकट: पैसे भरा. थकलेली वर्गणी आणि पुढच्या वर्षाची, दोन्ही भरल्यावर त्यांना स्वतःची बिलं दिसली.

मी १४ वर्षं सांगलीत लहान दुकानांसाठी असेच प्रोग्रॅम लिहितो. माझं ठाम मत आहे की हे चूक आहे. जीएसटी कायद्याचं कलम ३६ सांगतं की त्या वर्षाचं वार्षिक विवरणपत्र भरायच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपायचे. जपायची जबाबदारी दुकानदाराची, आणि किल्ली मात्र सॉफ्टवेअरवाल्याकडे?

मी प्रोग्रॅम एकदाच विकतो, कायमचा. नवी सुधारणा हवी असेल तर तिचे वेगळे पैसे. नको असेल तर जुना चालू राहतो. डेटा एसक्यूलाइट या डेटाबेसच्या (माहिती साठवायच्या सॉफ्टवेअरच्या) एका फाईलमध्ये दुकानातल्याच कॉम्प्युटरवर. एसक्यूलाइट कुणाच्या मालकीचं नाही आणि ते लिहिणाऱ्यांनी २०५० पर्यंत सांभाळायचा मानस जाहीर केला आहे. उद्या मी धंदा बंद केला तरी दुसरा कोणीही प्रोग्रॅमर ती फाईल उघडू शकेल. तुम्हाला काय वाटतं?

सह्याद्री_कोड
दादा, दुकानदाराची बाजू मांडलीत. आमची कोण मांडणार?

मीही मेडिकलवाल्यांसाठीच सॉफ्टवेअर करतो, पुण्यात. २०२५ मध्ये ३ सप्टेंबरला जीएसटी कौन्सिलनं दर बदलायचं ठरवलं, २२ ला लागू. मध्ये १९ दिवस. बहुतेक औषधं १२ टक्क्यांवरून ५ वर आली. तुम्ही म्हणाल, दराच्या रकान्यात १२ चे ५ करायचे, त्यात काय? शेल्फवर जुन्या एमआरपीच्या स्ट्रिप्स होत्या. २१ तारखेला विकलेला माल २३ ला परत आला तर कोणत्या दरानं परत घ्यायचा? बॅचप्रमाणे सगळं बदलावं लागलं. मी आणि दोन मुलं त्या दिवसांत धड झोपलो नाही. ते पगार वर्गणीतूनच निघाले. एकदा ९,००० घेऊन सात वर्षं कोण राबेल?

आणि कायमचं म्हणून विकलं की गिऱ्हाईक सेवाही कायमची मागतं. प्रिंटर चालत नाही म्हणून रात्री साडेदहाला फोन येतो, आणि "तुमचं सॉफ्टवेअर घेतलंय ना?" हे वर.

बार्शीकर
मी सॉफ्टवेअरवाला नाही, हार्डवेअरचं दुकान आहे. म्हणजे खिळे, पाइप, रंग. मला वर्गणीच बरी वाटते. दुकान सुरू केलं तेव्हा एकदम नऊ-दहा हजार काढणं जड होतं, महिन्याला तीनशे जमले. फोन केला की माणूस बोलतो, कारण त्याला पुढच्या वर्षीही पैसे हवेत. एकदाच पैसे घेतलेल्या आधीच्या माणसानं दुसऱ्या वर्षापासून फोन उचलायचा सोडला होता.

जमाखर्च
मी सीए आहे. बार्शीकर, तुमचं पटतं, पण धागाकर्त्यांचा मुद्दा वेगळा आहे. नवीन बिल करणं थांबवा, हरकत नाही. जुनं बघणं थांबवू नका. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं बघा: लायसन्स कायमचं मिळतं, नव्या आवृत्त्यांसाठी टीएसएस या वर्गणीचं दरवर्षी नूतनीकरण. ते नाही केलं तरी जुने हिशेब उघडतात. माझ्याकडे असे कितीतरी अशील आहेत.

कृष्णाकाठ
ताई, नेमकं हेच. सह्याद्री, तुमच्या १९ दिवसांच्या कामाचे पैसे तुम्हाला मिळालेच पाहिजेत, आणि मीही ते घेतले. २२ सप्टेंबरच्या बदलासाठी प्रत्येकाकडून १,५०० रुपये. जवळजवळ सगळ्यांनी दिले, कारण काय बदललं ते समोर दिसत होतं. कामाचे पैसे मागा. माणसाच्या स्वतःच्या बिलांवर कुलूप घालून मागू नका, एवढंच.

रात्रीच्या फोनचं मात्र खरं आहे. तो त्रास मलाही होतो आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

टर्मिनल
यावर मधली वाट निघालेली आहे. जेटब्रेन्स ही प्रोग्रॅमरांसाठी साधनं बनवणारी कंपनी. २०१५ मध्ये त्यांनी सगळं वर्गणीवर न्यायचं जाहीर केलं, वापरणारे भडकले. मग त्यांनी योजना बदलली: सलग १२ महिने पैसे भरलेत की त्या वर्गणीच्या सुरुवातीची आवृत्ती कायमची तुमची. नंतर वर्गणी थांबवली तरी ती चालते. मी तेच वापरतो.

सह्याद्री_कोड
प्रोग्रॅमरच्या साधनाला ते जमतं, टर्मिनल. तिथं जुन्या आवृत्तीनं फारसं बिघडत नाही. औषध दुकानात जुनी आवृत्ती म्हणजे चुकीचा कर, आणि शिव्या मला. त्यामुळे नवीन बिल करणं मी बंदच ठेवणार, त्यावर माझं मत बदललेलं नाही.

पण जुनं बघण्याबद्दल जमाखर्च ताईंचं मान्य. खरं सांगतो, आमचं कुलूप सरसकट आहे. तो कोड सात वर्षांपूर्वी मीच लिहिला, तेव्हा नोटिशीचा विचार मनात आला नव्हता. वर्गणी संपली तरी बिलं पाहता आणि छापता येतील, हा बदल पुढच्या आवृत्तीत घालतो.

बार्शीकर
हे वाचून काल दुकान बंद केल्यावर माझ्या सॉफ्टवेअरमधून डेटा बाहेर काढून बघितला. एका वेळी एकाच महिन्याचा निघतो, तोही पीडीएफमध्ये. एप्रिल २०२२ पासून सुरुवात केलीय, साडेअकरापर्यंत त्या वर्षाच्या दिवाळीपर्यंत पोचलो. आज मुलाला बसवतो.