टेलव्हील विमान: वेग उतरल्यावर नाक वाऱ्याकडे ओढलं जातंय

वायुवेग:
अमेरिकेत टेलव्हील (शेपटाखाली छोटं चाक असलेल्या) विमानाच्या एंडॉर्समेंटचं, म्हणजे ते उडवण्यासाठी प्रशिक्षकाकडून मिळणाऱ्या लेखी मान्यतेचं, प्रशिक्षण चालू आहे, विमान सिटाब्रिया ७ईसीए. डावीकडून ८ नॉट (ताशी सागरी मैल) वारा, थ्री-पॉइंट लँडिंग (तिन्ही चाकं एकदम टेकवणं). टेकेपर्यंत सगळं ठीक, पण २०-२५ नॉटवर नाक डावीकडे जायला लागतं आणि उजवा रडर (पायाने चालणारं शेपटीवरचं सुकाणू) पुरत नाही. टेकल्यावर स्टिक (हातातली नियंत्रण-दांडी) मधोमध आणली तर चालते का? आणि ब्रेक कधी?

शेपूटवाला:
नाही चालत. टेकल्यावर स्टिक पोटाशी घट्ट, म्हणजे टेलव्हीलवर भार राहतो. शिवाय वाऱ्याच्या बाजूला एलेरॉन (पंखांच्या टोकाकडच्या हलत्या पट्ट्या; स्टिक त्या बाजूला झुकवायची), आणि वेग उतरेल तसतसा वाढवत पूर्ण. बहुतेक जण चाकं टेकली की एलेरॉन सोडून देतात.

या विमानांचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. नाक जरा डावीकडे वळलं की मागचं वजन सरळच जाऊ पाहतं, चाकांचं घर्षण पुढून धरून ठेवतं, आणि वळण आपोआप वाढतं. ट्रायसिकल विमानात (तिसरं चाक नाकाखाली असलेल्या) हेच बल नाक सरळ करतं. त्यात रडरचा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे घटतो: वेग निम्मा, तर जोर पाव. म्हणून टेकताना पुरलेला पाय २० नॉटवर पुरत नाही. तिथे टेलव्हीलनेच काम करायचं असतं, आणि स्टिक पुढे गेली की ते हलकं पडतं.

पाय मात्र थांबवायचे नाहीत. छोटा दाब, लगेच सोडा, गरज पडली तर उलटा. दाबून धरलेला रडर म्हणजे दुसऱ्या बाजूच्या वळणाची सुरुवात. नजर धावपट्टीच्या टोकाकडे. नाकासमोर पाहून काही दिसत नाही.

वायुवेग:
आणि फिरायला लागलंच तर?

तिरपा_वारा:
डावीकडे फिरत असेल तर पूर्ण उजवा रडर, स्टिक मागे *आणि डावीकडे*. हात उजवीकडे जाऊ पाहतो, तो जाऊ देऊ नका. डावी स्टिक उजवा एलेरॉन खाली करते. त्याचा ड्रॅग (हवेचा विरोध) नाकाला उजवीकडे ओढतो, शिवाय उजवा पंख जमिनीला लागत नाही. रडर पूर्ण जाऊनही नाक येत नसेल तर उजव्या ब्रेकला टोचा. दोन्ही ब्रेक एकदम दाबलेत तर शेपूट उचलू शकते. पुढे पट्टी उरली असेल तर थ्रॉटलचा छोटा झटका रडरवर हवा पाठवतो. पण तो लगेच आवरा, नाहीतर वेग वाढवून तेच वळण घेतलेलं.

टेलव्हील ठरावीक कोनापलीकडे गेलं की स्टीअरिंग सुटून ते मोकळं फिरतं. त्यानंतर रडरकडून फार आशा नको.

बाकी, थ्री-पॉइंटपेक्षा व्हील लँडिंग (आधी फक्त पुढची दोन मुख्य चाकं टेकवणं) सुरक्षित असं मानणाऱ्यांशी माझं जमत नाही. त्यातही शेपूट खाली येईल तो क्षण असतोच, फक्त पुढे ढकललेला.

ग्रीसचा_डबा:
सगळं वैमानिकावर ढकलू नका, जरा खाली वाकून बघा. दोन्ही टायरांतली हवा सारखी आहे का? चाक जॅकवर घेऊन हाताने फिरवा, ब्रेक घासतोय का कळेल. टेलव्हीलच्या स्प्रिंग सैल आहेत? टेलव्हील धरणारी पट्ट्यांची स्प्रिंग (लीफ स्प्रिंग) बसली असेल तर पिव्हटचा (चाक ज्या खुंटीवर वळतं तिचा) कोन बदलतो आणि चाक थरथरायला लागतं.

टो (मुख्य चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते) मोजताना प्रत्येक मुख्य चाकाखाली ग्रीस लावलेले दोन-दोन अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे ठेवा, म्हणजे गिअर (चाकांचे पाय) मोकळा होऊन आपल्या जागेवर बसतो. मग दोन्ही चाकांच्या पुढचं आणि मागचं अंतर. पुढचं कमी भरलं तर टो-इन, आणि माझ्या मते या विमानांना तो सोसत नाही. शून्याच्या जवळ आणा.