माझा खेकडा कापला. आता दिग्दर्शन स्वतःच करू का?

रापणकाठ (मालवण)
नऊ वर्षं एकांकिका आणि लघुपट लिहितोय. मागच्या थंडीत माझ्या पटकथेवर एक लघुपट झाला. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून वर येते, तर आत फक्त एक खेकडा. बाकीचे निघून जातात. म्हातारा जाळं सोडवता सोडवता खेकड्याला विचारतो, "तू तरी कित्याक इलंस रे?" सगळं लिहिलं होतं ते या एका वाक्यासाठी. नट म्हणाला, खेकड्याशी बोलणं वेडगळ दिसतं. दिग्दर्शकाने त्याचं ऐकलं, आणि त्या जागी ड्रोनचा शॉट अन् बासरी आली. फिल्म बघून आईने विचारलं, "तो खेकडो खंय गेलो?" मला उत्तर देता आलं नाही.

कॅमेऱ्यातलं मला काही कळत नाही. तरी उतरू का?

आंबेमोहोर (देवगड)
दादा, उतरा! हॉलिवूडचे पटकथाकार बिली वायल्डर यांचं अगदी हेच झालं होतं, फक्त तिथे झुरळ होतं. 'होल्ड बॅक द डॉन' (१९४१) मध्ये नायक मेक्सिकोच्या सीमेवर अडकलेला. तो हॉटेलातल्या झुरळाला अडवून कागदपत्रं मागतो, असा प्रसंग त्यांनी लिहिला होता. नट शार्ल बॉये अडून बसला, झुरळाशी बोलणार नाही. दिग्दर्शकाने प्रसंग गाळला. वायल्डर भयंकर चिडले आणि पुढच्याच वर्षी 'द मेजर अँड द मायनर' स्वतः केला. कॅमेऱ्याचं म्हणाल, तर संकलक डोन हॅरिसन यांना त्यांनी सेटवर शेजारी ठेवलं. कुठला शॉट जुळेल, कुठला नाही, ते तिथल्या तिथे विचारायचे. 'द लॉस्ट वीकेंड'ला (१९४५) दिग्दर्शन आणि पटकथा, दोन्हींचं ऑस्कर मिळालं.

सुपारीबाग (गुहागर)
मी जरा वेगळं सांगते. नुसत्या रागावर उतरू नका. गुलजार 'मेरे अपने'चे (१९७१) दिग्दर्शक झाले, पण त्याआधी बिमल रॉय यांच्याकडे सहाय्यक होते. एखाद्या सेटवर आठवडाभर नुसते उभे तरी राहा.

रापणकाठ
ताई, पटलं. पुढच्या महिन्यात एका मित्राच्या शूटिंगला जातोय. संकलकही मिळाला, लग्नाचे व्हिडिओ कापणारा आमचाच एक जण. अमावास्येला सकाळी सहाच्या सुमारास मोठी ओहोटी असते, तेव्हाच घेणार. म्हाताऱ्याचं काम वाडीतले रापणकरी आजोबा करतील. त्यांना वाक्य वाचून दाखवलं, विचारलं, खेकड्याशी बोलायला जमेल ना? म्हणाले, "अरे, तेंच्यावांगडा मी रोजच बोलतंय."