पट्टायात बारा जणांचा गट : खर्च कसा आवरावा?

प्रश्न : आम्ही नात्यातले बारा जण, त्यांत तीन ज्येष्ठ, बँकॉकमार्गे पट्टायाला जाणार आहोत. उंच हॉटेलांनी किनारा वेढलेल्या या शहरात राहणे-फिरणे कमी खर्चात कसे जमवावे?

उत्तर १ : मुक्काम पट्टायालगतच्या जोमतिएन किनाऱ्यावर करावा. तिथे गजबज कमी असते आणि बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावरून थेट बसही मिळते. तरीही व्हॅनचा माणशी हिशेब करून पाहावा. बारा जणांत ती फारशी महाग पडत नाही.

उत्तर २ : शहरात सोंगथ्यू, म्हणजे मागे समोरासमोर बाकडी असलेली पिकअप, वापरावी. ठरलेल्या मार्गावर धावणारी गाडी हात दाखवून थांबवावी, उतरायचे तिथे छताची घंटा दाबावी आणि खाली उतरून चालकाला सुटे पैसे द्यावेत. मात्र उभ्या रिकाम्या गाडीवाल्याला भाव विचारलात, की तुम्ही ती अख्खीच ठरवत आहात असे तो धरून चालतो. बीच रोड एकदिशा आहे, त्यामुळे परतीची गाडी त्याला समांतर सेकंड रोडवर मिळते.

उत्तर ३ : पोहायचे असेल, तर बाली हाय धक्क्यावरून साध्या फेरीबोटीने कोह लान बेटावर जावे. स्पीडबोटीचे दलाल वाटेत अडवतीलच. त्यांच्याशी बोलणे वाढवू नये.