डोळे मिटल्यावर काहीच दिसत नसेल तर? प्रतिमा, कविता आणि लांब उडी

सुरंगी (दापोली तालुका)

नमस्कार. मी खाडीकाठच्या एका शाळेत मराठी शिकवते आणि क्रीडाशिक्षकाची जागा रिकामी असल्यामुळे गेली तीन वर्षे मैदानही माझ्याकडेच आहे. सकाळी नववीच्या वर्गात 'प्रतिमा' म्हणजे काय ते समजावायचे आणि संध्याकाळी कातळावरच्या मैदानात मुलींना 'डोळे मिटा आणि आपली उडी मनात पाहा' असे सांगायचे, असा माझा दिवस जातो. हे दोन्ही उद्योग मुळात एकच आहेत, अशी माझी समजूत होती. गेल्या आठवड्यात ती डळमळली.

लांब उडीतली माझी सर्वांत चांगली मुलगी डोळे मिटून बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, मला काळोख दिसतो. नुसता काळोख." आधी मला ती चेष्टा वाटली, पण शांतपणे विचारल्यावर तिने सांगितले की तिला आईचा चेहराही कधी डोळ्यांसमोर आणता येत नाही. आता गंमत पाहा. हीच मुलगी बालकवींची 'औदुंबर' शिकताना म्हणाली होती की शेवटच्या ओळीशी आले की पायांना गार लागते. जिला चित्र दिसत नाही, तिला कवितेतली प्रतिमा कशी जाणवते? आणि ती जाणवत असेल, तर मैदानावर तिचा उपयोग करून घेता येईल का?

निवृत्त मास्तर (रत्नागिरी)

सुरंगीताई, तुमच्या विद्यार्थिनीने आम्हा मराठीच्या मास्तरांची जुनी चूक नेमकी पकडली आहे. 'प्रतिमा' या शब्दातच मूर्ती आणि चित्र दडलेले असल्यामुळे आपण ती केवळ डोळ्यांची गोष्ट मानून बसतो. 'औदुंबर' अवघ्या आठ ओळींची कविता आहे. पहिल्या सात ओळींत झरा, चार घरांचे गाव, शेतमळे, पायवाट आणि डोह असे सगळे पाहण्याजोगे आहे आणि कवी हिरव्या, पांढऱ्या, काळ्या रंगांची नावेही सढळपणे घेतो. आठव्या ओळीत झाड पाण्यात पाय टाकून बसते आणि तिथे एकाही रंगाचे नाव येत नाही. ज्याने चैत्र-वैशाखात व्हाळाच्या पाण्यात पाय सोडून अर्धा तास काढला आहे, त्याच्या पोटऱ्यांना ती ओळ डोळ्यांच्या आधी कळते. तुमच्या मुलीला कळली ती अशीच.

तिच्या काळोखाविषयी चिंता नको. १८८० साली फ्रान्सिस गाल्टन यांनी लोकांना सकाळचे न्याहारीचे टेबल आठवून त्याचे मनातले चित्र किती स्पष्ट आहे ते कळवायला सांगितले होते, आणि त्यांना उत्तरे देणाऱ्या अनेक शास्त्रज्ञांनी असे काही चित्र आपल्याला दिसतच नसल्याचे कळवले. २०१५ साली ॲडम झेमन या मज्जातज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अवस्थेला 'अफँटेशिया' हे नाव दिले. हा आजार नव्हे.

एक अवांतर, पण अगदीच अवांतर नव्हे. वस्तू जशी आहे तशी नेमकी सांगणे म्हणजे स्वभावोक्ती. जुन्या संस्कृत काव्यशास्त्रकारांपैकी दंडीने तिला आद्य अलंकार म्हटले, तर कुंतकाने तिला अलंकार मानायलाच नकार दिला. तुम्ही मैदानावर मुलींकडून स्वभावोक्ती मागता, म्हणजे धाव, फळी, उडी आणि वाळू जशीच्या तशी मनात उभी करा असे सांगता. या मुलीकडे उपमेच्या वाटेने जाऊन पाहा.

खारे पाणी (मालवण)

मी शाळा-कॉलेजात असताना स्पर्धेसाठी पोहत असे आणि आता फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते, त्यामुळे दोन्ही बाजूंनी थोडे सांगू शकते.

मनातल्या उजळणीचा परिणाम स्नायूंपर्यंत पोहोचतो, हे जुने निरीक्षण आहे. हात वाकवल्याची नुसती कल्पना करणाऱ्या माणसाच्या त्याच स्नायूंत सूक्ष्म विद्युत हालचाल होते, असे एडमंड जेकबसन यांनी १९३०च्या सुमारास नोंदवले होते. १९८३ साली फेल्ट्झ आणि लँडर्स यांनी तोवरचे प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा काहीच न करण्यापेक्षा मनातला सराव निश्चित चांगला ठरला. मात्र प्रत्यक्ष सरावाची जागा तो घेत नाही, त्यामुळे मैदानाला सुट्टी देऊ नका.

माझी स्वतःची फजिती सांगते. चिवल्याच्या समुद्रातील माझ्या पहिल्या शर्यतीआधी मी महिनाभर रोज रात्री ती शर्यत मनात पोहले होते, पण त्या मनातल्या शर्यतीतले पाणी तलावाचे होते. ते निळे होते, संथ होते आणि त्याच्या तळाशी काळी पट्टी होती. प्रत्यक्षात तळ दिसेना, तोंडात खारे पाणी गेले आणि श्वास घ्यायला मान वळवावी त्याच क्षणी लाट अंगावर येऊ लागली. शंभर हातांतच माझी मोजदाद चुकली आणि मग महिन्याभराच्या उजळणीतले काहीही आठवेना. होम्स आणि कॉलिन्स यांनी २००१ साली मांडलेली 'पेटलेप' पद्धत मी नंतर वाचली. उजळणी करताना अंगावरचे कपडे, उभे राहण्याची ढब, जागा, वेग आणि भावना खऱ्या प्रसंगाच्या शक्य तितक्या जवळच्या हव्यात, असे ती सांगते. तुमच्या मुलीने खुर्चीत बसून डोळे मिटण्यापेक्षा बूट घालून, धावपट्टीच्या टोकाला, डोळे उघडे ठेवून आणि धावेला जितका वेळ लागतो तितक्याच वेळात उजळणी करावी.

जलतरणपटू मायकेल फेल्प्स यांचे प्रशिक्षक बॉब बोमन त्यांना रोज मनातली 'व्हिडिओटेप' लावायला सांगत, आणि त्या टेपमध्ये सगळे बिघडलेल्या शर्यतीही असत. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये २०० मीटर बटरफ्लायच्या वेळी त्यांच्या गॉगलमध्ये पाणी शिरले आणि दिसेनासे झाले, तेव्हा हातांचे फटके मोजत त्यांनी १ मिनिट ५२.०३ सेकंदांत विश्वविक्रमासह सुवर्णपदक घेतले. ताई, ही शर्यत तर जवळजवळ काळोखातच जिंकलेली आहे.

रापणकर (वेंगुर्ले)

मला हे सगळे थोडे अती वाटते. मी कबड्डी खेळलो आहे. चढाईला तीस सेकंद मिळतात आणि समोरचे सात जण माझ्या मनातल्या चित्रपटाप्रमाणे हलत नाहीत. डाव्या कोपऱ्यातला खेळाडू पाय धरणार असे घोकून गेलो आणि कव्हरच्या जागेवरच्या खेळाडूने कंबर पकडली, तर घोकलेलेच आड येते. उडी किंवा नेमबाजीत प्रतिस्पर्धी अंगाला हात लावत नाही, तिथे चालत असेल.

पण मास्तरांचे उपमेचे म्हणणे पटले. आजोबांनी मला पाग, म्हणजे हाताने फेकायचे गोल जाळे, फेकायला शिकवले तेव्हा निम्मा घेर कोपरावर घे, शिशाची कड दातांत धर, कंबर वळव, मग दात सोड, असे सगळे क्रमाने सांगून झाले आणि पाग दर वेळी दोरीच्या गुंडाळ्यासारखा पाण्यात पडला. शेवटी वैतागून ते म्हणाले, "फुगडी घालताना परकर कसो फुलता, तसो पाग फुलाक व्हयो." त्यानंतर तिसऱ्या फेकीला तो पुरता गोल उघडला. दात केव्हा सोडायचे हे मी आजही सांगू शकणार नाही.

खारे पाणी (मालवण)

रापणकर, प्रतिस्पर्ध्याविषयीचा तुमचा आक्षेप रास्त आहे, म्हणून त्यावर वाद घालत नाही. पण आजोबांनी जे केले, त्यावर चक्क प्रयोग झालेला आहे. २००१ साली लिआओ आणि मास्टर्स यांनी टेबल टेनिसचा टॉपस्पिन फटका नवशिक्यांना दोन प्रकारे शिकवला. एका गटाला नियमांची यादी दिली आणि दुसऱ्या गटाला बॅटने काटकोन त्रिकोण काढत असल्यासारखी हालचाल करायला सांगितली. दुसऱ्या गटाला आपण काय करतो ते फारसे सांगता येईना, पण खेळताना मनावर दुसऱ्या कामाचा भार टाकला तरी त्यांचा फटका बिघडला नाही. चांगली उपमा दहा सूचना एका मुठीत बांधून देते आणि ऐन वेळी त्या सुट्या होऊ देत नाही.

जाता जाता आणखी एक. मूर्त शब्द अमूर्त शब्दांपेक्षा अधिक लक्षात का राहतात, याचा उलगडा करणारे मानसशास्त्रज्ञ ॲलन पायव्हिओ यांनीच १९८५ साली खेळातील प्रतिमांच्या उपयोगाची मांडणी केली. हे गृहस्थ १९४८ चे 'मिस्टर कॅनडा' होते, त्यामुळे शब्द आणि स्नायू दोन्ही त्यांच्या घरचेच.

सुरंगी (दापोली तालुका)

सर्वांचे आभार. दहा दिवसांनी लिहिते आहे.

फळीवर तिचा पाय रेंगाळतो, हा तिचा दोष. चांगल्या उडीत तो तिथे सेकंदाच्या दशांशाहून थोडाच अधिक काळ टेकतो. मी तिला म्हटले, "मे महिन्यात भर दुपारी अनवाणी कातळावर पाय पडला की कसा उचलतेस, तसा उचल." ती हसली, पण पाय खरोखरच झटकन निघू लागला. मात्र नवीच पंचाईत झाली. चटका टाळायच्या घाईत ती फळीवर पाय रोवेचना आणि उडी लांब जाण्याऐवजी नुसती चपळ झाली. चूक तिची नव्हती. तापलेल्या कातळावर कोणी जोर देऊन पाय ठेवत नाही, म्हणजे माझी उपमाच अर्धी होती.

मग मीच तिला विचारले की असे काय आहे जिथे आधी थोडे खाली बसावे लागते आणि मग जोर लावून वर जावे लागते. तिने क्षणभरही विचार केला नाही. "होडीतून जेटीवर चढताना, बाई. होडी खाली जाते तेव्हा गुडघा वाकवायचा आणि ती वर येते तेव्हा पाय दाबायचा." शेवटून दुसऱ्या पावलाला कंबर किंचित खाली यावी, हे मी तिला वर्षभर सांगत होते. परवापासून ती धाव सुरू करण्याआधी डोळे उघडे ठेवून पट्टीच्या टोकाला उभी राहते आणि तिचा उजवा गुडघा एकदा हलकेच वाकून सरळ होतो. आठ उड्यांपैकी पाच फळीवरून गेल्या, दोन फाऊल झाल्या आणि एकदा ती फळीच्या आधीच थांबून म्हणाली, "होडी अजून वर आली नव्हती."