क्लस्टर टिकतच नाहीत, मदत हवी आहे (तातडीने)

घाटपायथा
नमस्कार मंडळी, एम.ई.चा प्रोजेक्ट आहे, पुढच्या आठवड्यात गाइडना निकाल दाखवायचेत. सिम्युलेशनमध्ये रेडिओने एकमेकींशी बोलणाऱ्या गाड्यांचे क्लस्टर (गट) बनतात पण टिकत नाहीत, हेड (गटाची प्रमुख गाडी) सारखा बदलतो. हेड निवडायला लोएस्ट-आयडी (सर्वांत लहान क्रमांकाची गाडी हेड) झालं, मोबिक (शेजारच्या गाड्यांच्या तुलनेत कमी हलणारी गाडी हेड) झालं, शेवटी स्वतःचं वेट-सूत्र (वेगातल्या फरकासारख्या गोष्टींना वजन देणारं) लावलं, तरी तेच. वेट किती ठेवायचे तेवढं कुणीतरी सांगा.

कोथरूडकर
कुठला रस्ता? सिम्युलेटर कोणता? रेंज? बीकन (गाडीने ठरावीक वेळाने पाठवायचा 'मी इथे आहे' हा संदेश) किती वेळाने? यातलं काहीच माहीत नसताना वेट कसे सांगणार?

घाटपायथा
मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, खोपोली ते लोणावळा. सुमो (वाहतुकीसाठी), ओमनेट (नेटवर्कसाठी) आणि दोन्ही जोडणारं व्हेन्स. रेडिओ ८०२.११पी (गाड्यांसाठीचं वायफाय), रेंज ३०० मीटर. नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा. आता वेट सांगा.

सिग्नलवाला
समोरून येणाऱ्या गाड्या गटात शिरत असणार. व्हेन्स गाडीचा वेग देतं तो नुसता आकडा, त्यात दिशा नसते. दोन्हीकडून ताशी ८० ने गाड्या आल्या तर तुमच्या सूत्रात फरक शून्य, प्रत्यक्षात सेकंदाला ४४ मीटर. रेंजमध्ये शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत ६०० मीटर, म्हणजे साडेतेरा सेकंदांत संबंध संपला.

घाटपायथा
दिशा घेतली आहे हो. तोंडाच्या कोनात ३० अंशांपेक्षा जास्त फरक दिसला की गाडी गटाबाहेर. तो प्रश्नच नाही.

रेडिओप्रेमी
मुळात ८०२.११पी कशाला? अमेरिकेत एफसीसीने (तिथली रेडिओलहरींची नियामक संस्था) नोव्हेंबर २०२० मध्ये गाड्यांसाठी राखीव ५.९ गिगाहर्ट्झ पट्ट्यातले ४५ मेगाहर्ट्झ वायफायसारख्या विनापरवाना वापराला दिले आणि उरलेले ३० सी-व्ही२एक्सला (मोबाइल नेटवर्कच्या तंत्रावरचा गाड्यांचा रेडिओ). सी-व्ही२एक्सवर जा.

सिग्नलवाला
घाटात बोगदे आहेत, तिथे टॉवर मिळणार का?

रेडिओप्रेमी
त्यातल्या साइडलिंकला (गाडी ते गाडी थेट दुवा) टॉवर लागत नाही. मोड ४ मध्ये गाड्या आपापसातच चॅनल निवडतात.

सिग्नलवाला
बरं, ते मान्य. पण गट कोणी कोणाबरोबर करायचा हा प्रश्न रेडिओ बदलून सुटत नाही.

डोंगरवाटा
आम्ही ट्रेकला चार-पाच गाड्या नेतो तेव्हा व्हॉट्सअॅपवर लाइव्ह लोकेशन लावतो आणि पहिल्या फूड मॉलला सगळे थांबतो. कुणी चुकत नाही. करून पाहा.

कोथरूडकर
घाटपायथा, ते ३० अंश घाटात चालणार नाहीत. वळणावर पुढची गाडी वळलेली आणि मागची अजून सरळ, कोनाचा फरक सहज तेवढा होतो. एकाच बाजूच्या, एकाच वेगाच्या गाड्या तुम्ही स्वतःच गटातून काढताय. कोन सोडा, गाडी कुठल्या कॅरेजवेवर (जाणाऱ्या की येणाऱ्या बाजूवर) आहे ते सुमोमधल्या एजच्या (रस्त्याच्या तुकड्याच्या) आयडीवरून घ्या. आणि बीकनचं उत्तर अजून दिलं नाहीत.

घाटपायथा
बीकन दर सेकंदाला. एक चुकला की सदस्य काढतो.

कोथरूडकर
मग वेटना हात लावू नका. गर्दीत एखादं पॅकेट गहाळ होणारच, त्यासाठी सदस्य का काढायचा? लागोपाठ तीन बीकन चुकले तर काढा, किंवा बीकन सेकंदाला दहा करा. दोन हेड समोरासमोर आले की लगेच विलीन करू नका. मोबिकमध्ये त्यासाठी थांबण्याचा अवधी दिलेला आहे. नवा उमेदवार जुन्या हेडपेक्षा ठळकपणे सरस असेल तरच हेड बदला. आधी हे तिन्ही करा.

घाटपायथा
कॅरेजवे आणि तीन बीकन लावून चालवलं. खोपोलीकडच्या सपाट भागात हेड टिकतोय! घाटात मात्र ट्रक हेड झाला की कार पुढे निघून जातात आणि गट फुटतो. सुमोमध्ये चढावर ट्रकचा वेग आपोआप कमी होतो ना? मग आणखी फुटतील.

सिग्नलवाला
नाही होत. सुमोमधलं मूळ क्राउस मॉडेल (गाडीचा वेग ठरवणारं) चढ बघत नाही, त्याचं क्राउसपीएस हे रूप बघतं. पण ओपनस्ट्रीटमॅपवरून उंची आपोआप येत नाही, ती वेगळी भरावी लागते. तुमच्याकडे वेळ नाही, तर ट्रकच्या प्रकाराला कमी कमाल वेग द्या आणि ट्रक-कारचे गट वेगळे ठेवा.

रेडिओप्रेमी
वेगळे ठेवले तर ट्रकपुढे अपघात झाल्याचा संदेश मागच्या कारला कोण देणार?

कोथरूडकर
दोन्ही गटांचे हेड एकमेकांना देतील. घाटपायथा, हेडचं सरासरी आयुष्य सपाट भागाचं आणि घाटाचं वेगवेगळं काढून इथे टाका.